आंबेखारची अकरा वर्षं

आंबेखारला आता किती वर्षं उरली आहेत, हे सांगायला हर्षदा म्हात्रे स्वतः गेली. संस्थेनं तिला जा म्हटलं नव्हतं. उलट संचालक केळुसकर म्हणाले होते, "तुमचंच गाव आहे, तिथं दुसऱ्या कुणाला तरी पाठवू. आपल्या माणसाचं ऑपरेशन डॉक्टर स्वतः करत नाहीत." पण हर्षदाला वाटत होतं, पुण्याहून कुणी परका माणूस जाऊन बोलला, तर गाव ते हसण्यावारी नेईल. चहा पाजेल, नारळ देईल आणि गाडी वळली की विसरून जाईल.

गावाची ही खोड तिला लहानपणापासून ठाऊक होती. आंबेखार खाडीच्या कडेला, समुद्राच्या पातळीहून खाली वसलेलं. खाडी आणि भातखाचरं यांच्यामध्ये मातीचा एक लांबलचक बांध, त्याला म्हणायचं बाहेरकाठा. ज्यांची शेतं त्या बांधाच्या आड, ती सगळी घरं मिळून तो राखायची. या पद्धतीला जोल म्हणत. पावसाळा सरला की जोल बसायची, घरटी माणूस निघायचा, खेकड्यांनी पाडलेली बिळं बुजवायची, खचलेल्या जागी चिखल घालून लाकडी चोपण्यानं चोपून काढायचा. पणज्याच्या पणज्यापासून हे चाललेलं. अलीकडे मात्र माणसं कमी यायला लागली होती. "उद्या बघू", "पुढच्या उधाणाआधी करू", असं व्हायचं. अधिकारी येऊन गोडीगुलाबीनं सांगून गेले, शाळेतल्या पोरांनी घोषणा दिल्या, काही म्हणजे काही फरक पडला नाही. हर्षदाचं मत पक्कं झालं होतं की माणूस घाबरल्याशिवाय हलत नाही.

आणि घाबरवायला तिच्याकडे आता साधन होतं.

त्याचं नाव 'काठ'. हर्षदानं उमेदीची सगळी वर्षं त्यात घातली होती. किनाऱ्यावरच्या शंभरेक बांधांच्या पोटात केसाएवढी बारीक काचेची तार पुरलेली होती. तारेच्या एका टोकातून प्रकाशाचे लहान लहान ठोके सोडायचे. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात सूक्ष्म दोष असतातच, आणि प्रत्येक दोषावर आपटून थोडासा प्रकाश मागे फिरतो. बांधाची माती कुठं ताणली, दबली, हादरली, कुठं पाणी झिरपायला लागलं, की तिथली काच किंचित लांबते आणि परतणारा प्रकाश बदलतो. थोडक्यात, एवढा मोठा बांध अंगावर चादर घेतलेल्या माणसासारखा होऊन जातो. कुठंही हात लावला तरी कळतं. या तारेची नोंद, उपग्रहानं मोजलेलं जमिनीचं खचणं, समुद्राची वाढती पातळी आणि वाऱ्यावादळाचा अंदाज, हे सगळं 'काठ'ला दिलं जाई. जुन्या फुटलेल्या आणि न फुटलेल्या बांधांवरून तो स्वतःच शिकला होता. गावाचं नाव दिलं की उत्तर देई: इतकी वर्षं.

आंबेखारचं उत्तर आलं, अकरा.

समाजमंदिरात सगळं गाव जमलं होतं. हर्षदानं पडद्यावर नकाशा लावला. खाचरांवर निळा रंग चढत जाताना दिसत होता. तो निळा तिनं मुद्दाम होता त्याहून गडद केला होता. बोललीही तशीच.

"अकरा वर्षं. फार तर बारा. त्यानंतर इथं भात नाही, विहिरी नाहीत, घरं नाहीत. आज जागे झालात तर झालात."

मागं कुणीतरी खोकलं. मग एका बाईनं विचारलं, "मग यंदा रता पेरायचा का नाय?" रता म्हणजे खाऱ्या जमिनीत तग धरणारं लाल भात.

"पेरायचा ना! त्यासाठीच तर सांगतेय. बांध उंचवायचा, तिवरं लावायची, सरकारकडून बाहेरच्या अंगाला दगड लावून घ्यायचा..." हर्षदा भराभर उपाय सांगत गेली. पण समोरची तोंडं तिच्याकडे बघत नव्हती. ती पडद्यावरच्या निळ्याकडे बघत होती. हर्षदाला त्या नजरांत भीती दिसली आणि तिला बरं वाटलं. एकदाचं लागलं, असं तिच्या मनानं घेतलं.

रात्रीच्या जेवणाला ती भावाकडे थांबली. रुपेश तिच्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. वडिलांमागे जोलीचा पुढारी तोच होता. बहीण शास्त्रज्ञ झाल्याचा त्याला केवढा अभिमान! तिचं नाव पेपरात आलं की तो कात्रण दुकानाच्या काचेला चिकटवून यायचा.

"बरं केलंस, हर्षू," तो म्हणाला. "खरं ते तोंडावर सांगितलंस. आपल्या माणसाला गोड बोलून फसवायचं नाय."

भारतीवहिनी वाढता वाढता थांबल्या. "पण ताई, अकरा म्हणजे नक्की अकराच?"

"मशीनचं आहे ते," रुपेश म्हणाला. "मशीन काय तुझ्या माहेरचं हाय, चुकायला?"

सगळे हसले. हर्षदाही हसली.

पाऊस गेला. कार्तिकात रुपेशनं जोल बोलावली. दरसाल निम्मी घरं तरी यायची. यंदा हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी माणसं आली, आणि तीही उभ्या उभ्या. एक जण म्हणाला, "दादा, बुडणाऱ्या बांधावर माती टाकायची म्हणजे मड्याला अंघोळ घालण्यातला प्रकार." त्याच्या बोलण्यावर कुणी हसलं नाही, आणि कुणी त्याला गप्पही केलं नाही. जमिनीच्या दलालांना वास लागला. तरणी पोरं उरणच्या कंटेनर यार्डात कामाला लागली, ती तिकडेच खोल्या बघायला लागली. ठरलेली दोन लग्नं मोडली. पाण्यात जाणाऱ्या गावात मुलगी कोण देणार, आणि तिथली आणणार तरी कोण? शाळेतल्या बाईंनी बदली मागून घेतली. दगडी बांधासाठी रुपेश जिल्ह्याला खेटे घालत होता. तिथं एका साहेबानं त्याच्यासमोर 'काठ'चा निकाल उघडला आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, "तुमच्या बहिणीनंच केलंय ना हे? मग तुम्हाला मी काय सांगायचं? जे गाव जाणारच आहे, तिथं दगड घालून काय करायचं?"

रुपेश परत आला तो जिल्ह्याला पुन्हा गेला नाही. आणि हळूहळू बांधावरही जाईनासा झाला.

होळीला हर्षदा घरी आली. संध्याकाळी बाहेरकाठ्यावर फिरायला गेली, तर उघाडीच्या, म्हणजे पाणी बाहेर सोडायच्या झडपेच्या, शेजारी मुठीएवढं भोक पडलेलं. ओहोटी होती तरी आतून गढूळ पाणी पाझरत होतं. ती धावत घरी आली.

"दादा, उघाडीपाशी भोक पडलंय!"

"हाय. दिवाळीपासून हाय."

"मग बुजवलं नाहीस?"

रुपेशनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिला सोपं गेलं असतं. तो खरोखरच बुचकळ्यात पडला होता. "तूच सांगितलंस ना, जाणार म्हणून? मग आज बुजवलं काय आणि उद्या बुजवलं काय?"

"मी तुम्ही उठावं म्हणून सांगितलं होतं!"

"उठायला काहीतरी लागतं, हर्षू," तो म्हणाला, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

पुण्याला परतल्यावर हर्षदानं आंबेखारची नोंद उघडली आणि तिला धक्का बसला. 'काठ' दर महिन्याला नवी माहिती घेऊन निकाल सुधारत असे. अकराचे आठ झाले होते. मग सहा, आणि आता चार. एका वर्षात समुद्र तर एवढा चढला नव्हता. वादळ आलं नव्हतं, जमीन जास्तीची खचली नव्हती. मग वर्षं गेली कुठं?

तिनं एक जुनी पद्धत वापरली. यंत्राला दिलेली एकेक गोष्ट काढून घ्यायची आणि उत्तर किती डळमळतं ते बघायचं. समुद्राची पातळी काढली. उत्तर थोडंसं हललं. जमिनीचं खचणं काढलं, थोडंसं हललं. वारा, भरती, मातीचा खारेपणा, सगळं करून झालं. मग काचेच्या तारेत येणारी एक क्षीण, संथ थरथर तिनं बाजूला काढली. ती थरथर आजवर सगळ्यांनी किरकोळ म्हणून सोडून दिली होती. ती काढताच 'काठ' अक्षरशः आंधळा झाला. फुटणारे आणि टिकणारे बांध त्याला वेगळे ओळखता येईनात.

ही थरथर कशाची? भरतीची लय तिला नव्हती, वाऱ्याचीही नव्हती. पावसाळ्यात ती नसे, थंडीत असे. दुपारी थांबे. हर्षदानं त्या थरथरीचा आवाजात तर्जुमा केला आणि कानाला हेडफोन लावला.

ठप्. ठप्. ठप्.

ती खुर्चीत मागं रेलली. हा आवाज ती जन्मापासून ओळखत होती. ओल्या चिखलावर लाकडी चोपणं पडत होतं. अधूनमधून पावलं होती, फावडं होतं. मधेच एक लय तुटायची, बहुतेक कुणीतरी घाम पुसायला थांबलेलं. 'काठ'ला माणूस म्हणजे काय हे कुणी शिकवलं नव्हतं. पण शंभर बांधांवरून त्यानं आपलं आपण हेरलं होतं की ज्या बांधावर हा ठोका ऐकू येतो तो उभा राहतो, आणि ज्याच्यावरचा ठोका विरत जातो तो जातो. आंबेखारचा ठोका गेली वीस वर्षं हळूहळू विरत होता. तो याच चालीनं विरत जाईल असं धरून यंत्रानं अकरा म्हटलं होतं. तिनं ठोका कमी होऊ न देता पुन्हा गणित मांडलं. समुद्राची वाढ तीच, जमिनीचं खचणं तेच. उत्तर आलं: चाळीस, आणि त्यापुढचं यंत्राला दिसत नव्हतं.

मग तिनं आंबेखारची गेल्या वर्षभराची रेघ काढली. समाजमंदिरातल्या सभेच्या दिवसापर्यंत ती थकल्या नाडीसारखी का होईना, चालत होती. त्यानंतर सपाट झाली होती.

ती तशीच केळुसकरांच्या खोलीत गेली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे यंत्र बरोबर होतं," ते म्हणाले.

"सर, यंत्र अकरा म्हणालं होतं. आता चार म्हणतंय. मधली सात वर्षं समुद्रानं नाही खाल्ली. मी खाल्ली."

"भावनेच्या भरात बोलताय."

"आपण समुद्राचं भाकीत करतोय असं आपल्याला वाटत होतं. 'काठ' माणसांच्या उमेदीचं भाकीत करतो. आणि आपण जाऊन तीच मोडून येतो."

केळुसकर काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "समजा, तुम्ही चाळीस सांगितलंत. लोक निर्धास्त झाले, झोपले, आणि गाव बुडालं. मग कुणाची मान धरायची? वाईट सांगून चुकलो तर लोक देवाचे आभार मानतात. चांगलं सांगून चुकलो तर दगड मारतात. संस्था कशी चालते ते तुम्हाला सांगायला नको."

"वाघखारचा निकाल अजून सांगायचाय. नऊ वर्षं. तो मी माझ्या पद्धतीनं सांगणार."

"तुमच्या जबाबदारीवर," केळुसकर म्हणाले.

वाघखार म्हणजे खाडीच्या पलीकडचं गाव, भारतीवहिनींचं माहेर. माती तीच, बांध तसाच, किंबहुना आंबेखारपेक्षा जुना आणि रोड. तिथं हर्षदानं पडदा नेला नाही. एक स्पीकर नेला. माणसं जमली आणि तिनं काही न बोलता तो सुरू केला.

ठप्. ठप्. ठप्.

आधी सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग बायकांत खसखस पिकली. "अगं, चोपणं हाय ते! आपलंच!" "हे थांबत थांबत मारतंय ते आमच्या ह्यांचं असणार."

हर्षदानं हसू ओसरू दिलं. मग सांगितलं, काहीही न लपवता. "हा आवाज दरवर्षी कमी होतोय. तसाच होत राहिला तर तुमच्याकडे नऊ वर्षं आहेत. आहे तेवढाच राहिला तर चाळीस. वाढला तर किती, ते आमच्या यंत्रालाही सांगता येत नाही. समुद्र चढतोय, तो चढणारच. पण बांध पडतो तो आवाज थांबल्यावर."

वहिनींचे वडील हिराजी भगत तिथल्या जोलीचे पुढारी होते. त्यांनी बोटांवर हिशेब केला. "चाळीस म्हणजे माझ्या नातवाचे केस पिकतील."

"हो, तात्या. जवळजवळ."

"मग सोमवारी काढू जोल," हिराजीतात्या म्हणाले. "घरटी एक नको. हात असेल तो प्रत्येक माणूस."

सोमवारी वाघखारच्या तारेत एवढा गलका झाला की पुण्यात यंत्रानं आधी तो बिघाड समजून बाजूला टाकला.

त्याच आठवड्यात हर्षदा तोच स्पीकर घेऊन आंबेखारला गेली. आता समाजमंदिर अर्धं रिकामं होतं. तिनं आवाज लावला, आणि त्या आवाजावर तिथं कुणी हसलं नाही. तिनं सगळं समजावलं, चूक कुठं झाली तेही सांगितलं. बोलता बोलता तिला रडू आलं, तिनं हातही जोडले.

मोडलेल्या लग्नांपैकी एका मुलीची आई उभी राहिली. "माझ्या पोरीचं मोडलं तवा हा ठपठप कुठं होता, बाय?"

हर्षदानं स्पीकर बंद केला.

"पलीकडं चाळीस, अलीकडं अकरा," दुसरा म्हणाला. "आता आमच्याकडं पण चाळीस. उद्या कोण येईल तो शंभर सांगेल. जमीन विकायची थांबवा म्हणून कुणी पाठवलंय का तुला?"

"कुणी नाही पाठवलं. मी चुकले होते. मी माणसं धरलीच नव्हती हिशेबात."

मग रुपेश उठला. तो भिंतीला टेकून मागंच बसला होता. "आधी अकरा सांगून कंबरडं मोडलंस, हर्षू. आता मोडक्या कंबरेला नाच म्हणतेस." त्याचा आवाज चढला नव्हता. "ते तू पडदा लावून, आकडे दाखवून सांगितलंस, म्हणून आम्ही मानलं. हे तू रडत सांगतेस. दया आली म्हणून सांगतेस. दयेचा शब्द आम्ही कसा खरा मानायचा?"

सभा उठली. हर्षदाला तेव्हा कळलं की निराशा आधी येऊन घरात बसली, की मागून येणाऱ्या खऱ्या आशेलाही माणसं सांत्वन समजतात आणि दारातूनच परत पाठवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र भारतीवहिनी चोपणं घेऊन बाहेर पडल्या. "मला यंत्राचं कळत नाय, ताई," त्या म्हणाल्या. "पण माझा बाप तिकडं उभा हाय आणि मी इकडं बसून राहू?" त्यांच्यामागून शेजारच्या दोघी-तिघी आल्या. हर्षदानं रजा टाकली आणि ती पण चिखलात उतरली. उघाडीजवळचं भोक आता माणूस वाकून जाईल एवढं झालं होतं. त्यांनी ते बुजवलं. हातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. तारेच्या नोंदीत आंबेखारची सपाट रेघ थोडीशी थरथरायला लागली. 'काठ'नं चारचे पाच केले. हर्षदा ते पाच बघून एकटीच रडली.

पण बांध केवढा आणि बायका किती! त्या इकडं चोपत, तेव्हा तिकडं दुसरीकडं माती ढासळत असे. पुरुष रस्त्यावरून जाताना थबकत, बघत आणि पुढं जात. हर्षदाला वाटायचं, आज एक तरी उतरेल. एकदा एक जण उतरलाही, पण दुसऱ्यानं वरून हाक मारली, "काय रे, तुला पण अकरा वर्षं कमी वाटली का?" तो ओशाळून परत चढला. आशा धरणं हीच गावात लाज वाटण्याची गोष्ट झाली होती.

दुसऱ्या वर्षीच्या श्रावणातल्या अवसेला, भर दुपारी, उधाणाच्या भरतीला जोराचा वारा मिळाला. बांध उघाडीपाशी फुटला नाही. तिथं बायकांनी तो घट्ट केला होता. तो फुटला गावाच्या वरच्या अंगाला, जिथं दोन वर्षं कुणाचा हात लागला नव्हता. आधी बैलगाडीएवढी खांड पडली, मग घराएवढी. पाणी ओरडत आलं नाही. ते पसरत आलं, अगदी निवांतपणे, जणू त्याला ठाऊक होतं की घाई करायचं काही कारण नाही. पोटरीला आलेला रता एकेक खाचर करत आडवा झाला. विहिरी खारट झाल्या. माणूस एकही गेला नाही. गाव तेवढं गेलं.

हर्षदा आणि भारतीवहिनी सडकेवर उभ्या होत्या, कमरेपर्यंत चिखलानं माखलेल्या. रुपेश शेजारी येऊन उभा राहिला. त्यानं हाताची घडी घातली होती.

"बघ," तो म्हणाला. "मी म्हटलं होतं ना, तुझं मशीन खोटं नाय बोलत."

हर्षदानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो टोमणा मारत नव्हता. त्याला ते यंत्र खरं ठरायलाच हवं होतं. ते चुकलं असतं, तर बापानं हातात दिलेला बांध त्यानं उगाचच सोडला होता. हे त्याला जन्मभर पेलवलं नसतं. सत्य तिनं या गावाला एकदा सांगितलं होतं. आता पुन्हा सांगायचं तिच्यात बळ नव्हतं.

संस्थेच्या वार्षिक बैठकीत 'काठ'च्या यशाची उजळणी झाली. आंबेखार: भाकीत, जाणार. प्रत्यक्षात, गेलं. यंत्राची अचूकता वाढल्याचं जाहीर झालं, टाळ्या पडल्या. दोन किनारी राज्यांकडून मागणी आली होती. वाघखारपुढं मात्र 'अपवाद' असं लिहिलं होतं. हर्षदा उठली. म्हणाली, आंबेखार हे आपलं यश नव्हे, आपण केलेली हत्या आहे. यापुढं कुठल्याही गावाला एक आकडा सांगू नका, सांगायचाच तर माणसांचे हात हिशेबात धरून सांगा. सगळ्यांनी ऐकून घेतलं, काहींनी मानाही हलवल्या. केळुसकर म्हणाले, "मुद्दा महत्त्वाचा आहे. यावर सविस्तर बोलायला हवं." मग चहा आला.

ती संस्थेतून बाहेर पडली, ती पुन्हा तिथं गेली नाही.

रुपेशनं बायकोच्या माहेरी, वाघखारला, मागच्या पडवीत बिऱ्हाड मांडलं होतं. जोलीचा पुढारी सासऱ्याच्या दारात राहायला आला, यापेक्षा वाईट त्याच्या दृष्टीनं काही नव्हतं. तो उरणला रखवालदारीला जाई, परत येई, कुणाशी बोलत नसे. वाघखारचं सगळं गाव बांधावर असायचं तेव्हाही तो पडवीत बसे. "परक्या गावाचा बांध," म्हणे. हर्षदाही तिथंच एका खोलीत राहून, आता संस्थेसाठी नाही तर गावासाठी, बांधातल्या तारेचं काम बघत होती. बहीणभावाचं बोलणं जवळजवळ तुटलं होतं. वहिनी दोघांना वेगवेगळं ताट वाढायच्या.

पुढच्या श्रावणात पुन्हा तसंच उधाण आलं, आणि या वेळी वारा आधीपेक्षा जास्त होता. सकाळीच बाहेरकाठ्याला एका जागी भेग दिसली. हिराजीतात्यांनी थाळी बडवली. म्हातारे, पोरीबाळी, मुंबईहून सुट्टीला आलेले, जे होते ते सगळे धावले. खाचराच्या कडेपासून भेगेपर्यंत माणसांची साखळी लागली. एकानं चिखलाचा गोळा काढायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा, त्यानं तिसऱ्याच्या. पाणी बांधाच्या माथ्याला चाटत होतं. साखळीत हर्षदाच्या आधीची एक जागा रिकामी होती. तिला प्रत्येक गोळ्यासाठी चार पावलं मागं जाऊन परत यावं लागत होतं, आणि तिचा दम तुटत आला होता.

एकदा ती अशीच मागं वळली, तर गोळा जवळच होता. रिकाम्या जागेत रुपेश उभा होता. रखवालदाराचा खाकी शर्ट अंगात तसाच, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. तोंड पलीकडं, खाडीपार, जिथं आंबेखारच्या देवळाचा कळस पाण्यातून वर दिसत होता तिकडं.

"दादा," ती म्हणाली.

मागून आलेला गोळा त्यानं घेतला, तिच्या हातात दिला आणि पुढच्यासाठी हात पसरले. भरती उतरेपर्यंत तो बोलला नाही, आणि भरती उतरल्यावरही नाही. पण त्या सबंध दुपारी त्याच्याकडून यायचा एकही गोळा राहिला नाही.